बोगद्याच्या कामात नेतृत्वापर्यंत कसं पोचावं

जमिनीवरच्या बांधकामात आपण कशावर उभे आहोत हे इंजिनिअरला बऱ्यापैकी ठाऊक असतं. बोगद्यात ते खोदल्यावरच कळतं. पन्नास-शंभर मीटरच्या अंतराने घेतलेली बोअरहोलं म्हणजे काही सेंटिमीटर जाडीचे नमुने. मधल्या जमिनीत काय दडलंय याचा अंदाजच बांधावा लागतो. म्हणून इथे वरच्या पदावरच्या माणसाचं मुख्य काम एकच: अपुऱ्या माहितीवर, वेळेत, पुढे जायचं की थांबायचं ते ठरवणं आणि त्या निर्णयाला उत्तरदायी राहणं.

त्यासाठी तीन गोष्टी अंगी लागतात. जमीन वाचता यायला हवी. वेळ, पैसा आणि करार यांचा हिशेब यायला हवा. आणि फेसवरच्या (जिथे प्रत्यक्ष खोदकाम चालू असतं त्या टोकाच्या) माणसाने वाईट बातमी न घाबरता आपल्यापर्यंत आणावी इतका विश्वास कमवायला हवा. कारकिर्दीची आखणी या तिन्हींच्या अंगाने करावी. नुसत्या पदनामांमागे धावलं तर यातली एक तरी गोष्ट राहून जाते, आणि बहुतेक वेळा ती तिसरी असते.

सुरुवातीलाच एक वाक्य कागदावर लिहून काढा: मी कशाला जबाबदार राहू इच्छितो? ‘आधार न दिलेल्या छताखाली माझा एकही माणूस जाणार नाही’ हे वाक्य तुम्हाला प्रत्यक्ष खोदकामाच्या बाजूला नेईल. ‘वरच्या इमारतींना धक्का लागणार नाही’ हे डिझाइन आणि मॉनिटरिंगकडे (जमीन आणि अस्तर किती हलतंय याच्या मोजमापाकडे) नेईल. ‘जमिनीच्या जोखमीची किंमत योग्य माणूस मोजेल’ हे करार आणि मालकाच्या (काम करवून घेणाऱ्याच्या) बाजूकडे. वाक्य पुढे बदललं तरी चालेल. पण दोन नोकऱ्यांमधून एक निवडायची वेळ आली की पगाराच्या आकड्याशेजारी ठेवायला काहीतरी हवं, ते हे वाक्य.

पहिली दोन-तीन वर्षं: फेस सोडू नका

नवख्या इंजिनिअरला संगणक चांगला येतो, म्हणून त्याला साइट ऑफिसात बसवून अहवाल करायला लावतात. हे टाळा. थेट बोलून शिफ्ट मागून घ्या, आणि त्यातही निदान काही महिने रात्रपाळी. रात्री डिझायनर नसतो, मालकाचे प्रतिनिधी नसतात, वरिष्ठ फोनवर असतात. जमीन मात्र तीच असते. निर्णय घ्यायची सवय तिथेच लागते.

ड्रिल-ब्लास्ट पद्धतीचं काम असेल तर एका पूर्ण चक्राच्या वेळा स्वतः लिहा: आखणी, ड्रिलिंग, सुरुंग भरणं, स्फोट, धूर निघून जाणं, मलबा उचलणं, सुटे दगड पाडणं, शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट), रॉकबोल्ट (आधारासाठी खडकात बसवलेली सळई). महिनाभर लिहिल्यावर दिसतं की वेळ ड्रिलिंगपेक्षा दोन कामांच्या मधल्या वाट पाहण्यात जास्त जातो. ओव्हरब्रेकही मोजा. आखलेल्या रेषेबाहेर सरासरी २० सेंटिमीटर खडक निघाला, तर १५ मीटर लांबीच्या कमानीत दर मीटरमागे ३ घनमीटर जास्तीचा मलबा आणि जवळपास तितकंच भरावाचं काँक्रीट. याचं मूळ कधी खडकातल्या सांध्यांत (भेगांत) असतं, कधी कडेच्या छिद्रांचा कोन चुकलेला असतो. कुठलं कारण कधी, हे ओळखता येणं म्हणजे जमीन वाचायला लागणं.

फेसचं मॅपिंग भूवैज्ञानिकावर सोडून देऊ नका. त्याच्या शेजारी उभं राहून स्वतःचं वेगळं चित्र काढा: सांध्यांच्या दिशा, त्यांतली अंतरं, भरलेला चिकणमातीचा थर, पाणी कुठून किती येतंय. शॉटक्रीटचा पहिला थर बसला की हे सगळं झाकलं जातं, त्यामुळे हातात वेळ थोडा असतो. १९७३ साली बिएनियाव्स्की यांनी मांडलेली आरएमआर आणि १९७४ साली बार्टन, लीन आणि लुंडे यांनी मांडलेली क्यू, या खडकाची प्रत ठरवणाऱ्या दोन्ही पद्धतींनी गुण द्या. मग पुढच्या तीन मीटरमध्ये काय लागेल ते लिहून ठेवा आणि उद्या ताडून पाहा. आकडा बरोबर येणं दुय्यम आहे. आपला अंदाज कुठल्या जमिनीत सातत्याने आशावादी निघतो, हे कळणं महत्त्वाचं.

टीबीएमवर (बोगदा खोदणाऱ्या मशीनवर) असाल तर रिंग रिपोर्ट हीच तुमची शाळा. रिंग म्हणजे मशीनच्या मागे बसवत जायचं काँक्रीटच्या तुकड्यांचं गोल अस्तर. उदाहरण घेऊ. कापणीचा व्यास ६.६० मीटर, रिंगचा बाहेरचा व्यास ६.३५ मीटर, रिंगची रुंदी १.४ मीटर. फेसचं क्षेत्रफळ ३४.२ चौरस मीटर, म्हणजे एका रिंगमागे ४७.९ घनमीटर जमीन निघायला हवी. घनता घनमीटरला २ टन धरली तर सुमारे ९६ टन. रिंग आणि जमीन यांच्यामधली पोकळी साधारण ३.६ घनमीटर, तेवढं ग्राउट (पोकळी भरायचं पातळ मिश्रण) निदान जायलाच हवं. प्रत्यक्षात थोडं जास्त जातं.

आता मलबा वाहून नेणाऱ्या बेल्टच्या काट्यावर १०३ टन दिसले. त्यात आपणच घातलेलं पाणी आणि फोम ४ टन. उरलेले ३ टन कुठून आले? एका रिंगपुरतं काट्याची चूक म्हणून सोडता येईल. लागोपाठ तीन रिंगांना तेच दिसलं तर ९ टन, म्हणजे साडेचार घनमीटर जमीन हिशेबाबाहेर निघाली, आणि मशीनच्या डोक्यावर पोकळी तयार होत असण्याची शक्यता आहे. शील्ड (मशीनभोवतालचं पोलादी कवच) नऊ-दहा मीटर लांब असल्याने याचा दुसरा पुरावा उशिरा मिळतो: तोच पट्टा शील्डच्या मागच्या टोकाशी आल्यावर, सहा-सात रिंगांनंतर, ग्राउट नेहमीच्याच दाबाला भसाभस जायला लागतं. उलट दाब चढतोय आणि ग्राउट जात नाहीये, तर आधी लाइन तुंबली आहे का ते पाहा. वजन, फेसचा दाब, ग्राउटचं आकारमान आणि वरच्या जमिनीचं खचणं हे चार आकडे एकाच पानावर शेजारीशेजारी मांडा. अनेक साइट्सवर ते चार वेगळ्या लोकांच्या चार वेगळ्या फायलींत असतात, आणि धोका तिथेच लपतो.

एका ठिकाणी मात्र सावध राहा. रात्रपाळी उत्तम सांभाळणाऱ्या माणसाला कोणी तिथून हलवत नाही. तीन वर्षं झाली की तुमच्या जागी दुसरा तयार करून द्या आणि बदली मागा.

शिफ्टचा ताबा देणं

नेतृत्वाचं पहिलं खरं काम शिफ्ट बदलताना होतं. ताबा फेसवर द्यायचा, ऑफिसात चहा घेत नव्हे. वीस मिनिटं पुरतात. आधार कुठपर्यंत पूर्ण आहे आणि कुठे अर्धा आहे, शॉटक्रीट किती वाजता मारलं आणि त्याची ताकद मोजली का (ताज्या शॉटक्रीटखाली माणूस पाठवण्याआधी निदान १ मेगापास्कल ही अट बऱ्याच ठिकाणी वापरतात, तुमच्या कामाच्या विनिर्देशांत काय आहे ते पाठ असू द्या), कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे, आणि जाणाऱ्या माणसाला कशाची काळजी वाटते. शेवटचा मुद्दा लिखित नमुन्यात नसतो, म्हणून तो तोंडी विचारायचाच. ‘सगळं ठीक आहे’ या उत्तरावर ताबा घेऊ नका. ‘कमानीच्या उजव्या खांद्याला पाणी वाढलंय का?’ असा नेमका प्रश्न विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर येतं.

कोसळलेल्या कामांचा अभ्यास

दरवर्षी निदान दोन चौकशी अहवाल मुळापासून वाचा. वाचायची रीत अशी: निष्कर्षाचं प्रकरण बाजूला ठेवा, घटनांचा कालक्रम स्वतः मांडा, आणि प्रत्येक तारखेपुढे दोन नावं नव्हे, दोन पदं लिहा: माहिती कोणाकडे होती, आणि थांबवायचा अधिकार कोणाकडे होता. ही दोन पदं जिथे जिथे वेगळी निघतात, तिथे तुमचा धडा आहे.

२१ ऑक्टोबर १९९४ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळाखाली शॉटक्रीट अस्तराचे बोगदे कोसळले. जीवितहानी झाली नाही. पण बोगद्याच्या तळाचं शॉटक्रीट नीट बांधलं गेलं नव्हतं, दुरुस्ती तोकडी होती, आणि अस्तर हलत असल्याचं मोजमाप कोसळण्याच्या बऱ्याच आधीपासून उपलब्ध होतं. आकडे होते, त्यांवर कृती झाली नाही.

२० एप्रिल २००४ रोजी सिंगापूरमध्ये निकोल हायवेजवळचं मेट्रोचं खोल खोदकाम कोसळलं आणि चार जणांचा मृत्यू झाला. मातीच्या ताकदीचं गणित वापरताना भिंतीवरचा भार आणि तिची हालचाल कमी धरली गेली होती, स्ट्रट (भिंतींमधला आडवा टेकू) आणि वॉलर (टेकूचा भार भिंतीवर पसरवणारी तुळई) यांचा जोड कमकुवत होता. भिंतीची हालचाल ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तेव्हा उलट-विश्लेषण करून (मोजलेल्या हालचालीवरून मागे गणित करून) मर्यादाच वाढवण्यात आली. त्या दिवशी सकाळपासून जोड वाकल्याचं दिसत होतं, आवाज येत होते. खोदकाम दुपारी कोसळलं.

या दोन घटनांमधून ट्रिगर लेव्हलचा (हालचालीची कुठली पातळी ओलांडली की काय करायचं याचा) आराखडा कसा करावा हे स्पष्ट होतं. पिवळी आणि लाल पातळी ठरवणं सोपं आहे. त्यांच्यापुढे कृती लिहिणं कठीण असतं आणि तेच टाळलं जातं. ‘आढावा घ्यावा’ ही कृती नव्हे. ‘पिवळी पातळी ओलांडल्यावर वाचन दिवसाला एकवरून तीन वेळा, दोन तासांत डिझायनरला कळवायचं, पुढची खोदकामाची खेप टनेल मॅनेजरच्या सहीशिवाय नाही, लाल पातळीला फेस शॉटक्रीटने बंद, माणसं बाहेर’ ही कृती. तिच्यासाठी लागणारं शॉटक्रीट, बोल्ट आणि पंप साइटवर हजर असायला हवेत. भूतांत्रिक अभियंते राल्फ पेक यांनी १९६९ सालच्या रँकिन व्याख्यानात निरीक्षण पद्धत मांडताना हाच आग्रह धरला होता: सर्वांत वाईट परिस्थितीतली कृती काम सुरू होण्याआधी तयार हवी. ‘बघत बघत पुढे जाऊ’ याला निरीक्षण पद्धत म्हणत नाहीत.

आणखी दोन नियम पाळा. मर्यादा वाढवायचा अधिकार त्या माणसाकडे नसावा ज्याची प्रगती मीटरमध्ये मोजली जाते. आणि एकूण आकड्यापेक्षा त्याचा वेग पाहा: २५ मिलिमीटरवर येऊन स्थिरावलेली हालचाल परवडते, १२ मिलिमीटरवर असून रोज जास्त जोराने वाढणारी परवडत नाही. मोजमापाचे बिंदू फेसच्या शक्य तितक्या जवळ आणि खोदल्यावर काही तासांतच बसवायला हवेत, कारण हालचालीचा मोठा वाटा फेस पोचण्याआधीच होऊन गेलेला असतो. उशिरा बसवलेला बिंदू खोटा दिलासा देतो.

चार-पाच वर्षांनंतर: टेबलाच्या पलीकडे जा

इथे बरेच चांगले बोगदेवाले अडकतात. फेस येतो, पण करार कळत नाही, त्यामुळे मोठे निर्णय त्यांच्या अनुपस्थितीत होतात. सहा महिने ते वर्षभर नियोजन किंवा करार विभागात काढा. शक्य झालं तर आणखी एक वर्ष डिझायनरकडे किंवा मालकाच्या बाजूला.

शिकायचं काय? पहिलं, जमिनीची जोखीम करारात कोणाकडे आहे. भूतांत्रिक बेसलाइन अहवालात ‘या पट्ट्यात अमुक इतका खराब खडक धरला आहे’ असं लिहिलेलं असतं. त्यापलीकडे निघालं तर मालकाची जबाबदारी, अलीकडे असेल तर कंत्राटदाराची. फिडिकने (सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने) आंतरराष्ट्रीय बोगदा संघटनेसोबत २०१९ साली काढलेला एमराल्ड बुक हा करारनमुना याच विचारावर उभा आहे. तो कलमवार वाचा. दुसरं, सूचनेची मुदत. फिडिकच्या करारांत ती साधारणपणे २८ दिवसांची असते. ती चुकली तर खरा दावाही बुडू शकतो. तिसरं, नोंदी. फेसचा तारीख-वेळेसह फोटो, मॅपिंगवर दोन्ही बाजूंच्या सह्या, थांबलेल्या मशीनचे तास आणि कारण. हे त्याच दिवशी लिहिलं तर पुरावा, महिन्याने लिहिलं तर मत.

वेगाचं गणितही इथेच पक्कं होतं. मशीन मिनिटाला ४० मिलिमीटर पुढे जातं, म्हणजे १.४ मीटरला ३५ मिनिटं. रिंग बसवायला ३० मिनिटं. कागदावर चोवीस तासांत २२ रिंगा. प्रत्यक्षात १० झाल्या, म्हणजे जवळपास तेरा तास कशात तरी गेले: मलब्याच्या गाड्यांची वाट, बेल्ट वाढवणं, कटरची तपासणी, ग्राउटची लाइन धुणं. कच्चा व्यवस्थापक ऑपरेटरला मशीन जोरात चालवायला सांगतो. त्याने गाड्यांची रांगच वाढते आणि फेसचा दाब हलायला लागतो. आधी अडलेली जागा शोधा, मगच वेगाबद्दल बोला.

टीबीएम कुठे थांबवून माणूस कटरहेडमध्ये (मशीनच्या पुढच्या कापणाऱ्या चकतीत) पाठवायचा हे ठिकाणही नियोजनातच ठरायला हवं: चांगली जमीन पाहून, वर इमारत नसलेल्या जागी, गरज पडल्यास आधी ग्राउट करून. सिएटलमधलं १७.५ मीटर व्यासाचं मशीन डिसेंबर २०१३ मध्ये थांबलं, आणि मुख्य बेअरिंगच्या दुरुस्तीसाठी त्याच्यासमोर खोल शाफ्ट खणून पुढचा भाग वर काढावा लागला. काम दोन वर्षं खोळंबलं. ‘मशीन इथेच अडलं तर त्याच्यापर्यंत पोचायचं कसं’ हा प्रश्न मार्गाच्या प्रत्येक टप्प्यासाठी आधीच विचारून ठेवा.

माणसं

विश्वास भाषणांनी येत नाही. कोणी पहिल्यांदा काम थांबवतो आणि धोका नव्हताच असं निघतं, तेव्हा तुम्ही काय करता याकडे सगळी शिफ्ट पाहत असते. त्या दिवशी वाया गेलेल्या तासांचा उल्लेखही करू नका; सगळ्यांसमोर त्याला विचारा की त्याला काय दिसलं. एकदा जरी त्याच्यावर ओरडलात, तरी पुढची खरी सूचना तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

वीस वर्षं फेसवर काढलेल्या फोरमनचा कान इंजिनिअरपेक्षा तयार असतो. त्याचं म्हणणं ऐका, आणि त्याच्या ‘असं नेहमीच होतं’ या वाक्याकडे विशेष लक्ष द्या, कारण सवयीने धोका दिसेनासा होतो. गटात चार भाषा बोलल्या जात असतील तर सूचना चित्रातून द्या आणि समोरच्याकडून ती परत करून दाखवून घ्या.

धूळ हा विषय सुरक्षा अधिकाऱ्यावर ढकलू नका. १९३०-३१ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट बोगद्यात सिलिकाने भरलेला खडक कोरडा ड्रिल केला गेला आणि शेकडो कामगार सिलिकोसिसने दगावले. हा आजार छत कोसळल्यासारखा दिसत नाही, म्हणून तो प्रगतीच्या बैठकीत कधी येत नाही. तुम्हालाच तो आणावा लागतो. पाणी लावून ड्रिलिंग होतंय का, शॉटक्रीट मारणाऱ्याचा मास्क चेहऱ्याला नीट बसतो का, आणि हवेच्या डक्टचं टोक फेसपासून किती दूर राहिलंय, हे प्रत्येक फेरीत पाहा. ढोबळ नियम असा की हवा आत ढकलणाऱ्या डक्टचं टोक छेदाच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या पाचपटीपेक्षा लांब नसावं. ३६ चौरस मीटरच्या बोगद्यात ते ३० मीटर. डक्ट पुढे सरकवायला अर्धा तास लागतो, म्हणून ते उद्यावर जातं, आणि फेसवर ताजी हवा पोचेनाशी होते.

कामांची निवड आणि वरचं पद

एकाच प्रकारच्या जमिनीत दहा वर्षं काढलेला माणूस दुसऱ्या जमिनीत नवखाच असतो. पाण्याखालची मऊ माती, कठीण खडक, आणि दाबाने आत येणारा कमकुवत खडक, यांतल्या निदान दोन प्रकारांत काम झालेलं असावं. पद्धतही एकच नसावी. मात्र एक तरी बोगदा पहिल्या पोर्टलपासून (तोंडापासून) शेवटच्या गळती-दुरुस्तीपर्यंत पूर्ण पाहा. ब्रेकथ्रूनंतर (बोगदा आरपार झाल्यावर) फोटो काढून निघून जाणाऱ्याला आपण बसवलेल्या गॅस्केटमधून (रिंगच्या जोडांतल्या रबरी पट्टीतून) पाणी येतं हे कधी कळतच नाही.

व्यावसायिक नोंदणी वेळेत करून घ्या. १९७४ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बोगदा संघटनेचे राष्ट्रीय गट आणि तरुण सदस्यांचे गट असतात, तिथे जा. तिथे आपल्या फसलेल्या गोष्टीवर निबंध सादर करा. यशावरचे निबंध पुष्कळ येतात.

टनेल मॅनेजर किंवा प्रकल्पप्रमुख झाल्यावरही आठवड्यातून दोनदा फेसवर जा, त्यातली एक फेरी रात्री. तिथे आदेश देऊ नका, तो शिफ्ट इंजिनिअरचा अधिकार आहे. रोज ठरलेल्या वेळी अर्ध्या तासाची बैठक घ्या: खोदकाम, मॉनिटरिंग, डिझायनर, भूवैज्ञानिक. मॉनिटरिंगवाला आधी बोलेल, प्रगतीचा आकडा शेवटी येईल. मालकाला पूर्णतेची एक तारीख सांगण्याऐवजी दोन तारखा सांगा, आणि कुठल्या पट्ट्यातल्या जमिनीवर कुठली तारीख अवलंबून आहे तेही सांगा.

असं पद स्वीकारण्याआधी मुलाखतीत हे विचारा. रात्री तीन वाजता काम थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे, आणि तो शेवटचा कधी वापरला गेला? मॉनिटरिंग इंजिनिअर कोणाला रिपोर्ट करतो? बेसलाइन अहवाल आहे का, आणि तपासणीची बोअरहोलं मार्गरेषेवर आहेत की बाजूला? तुमचा बोनस फक्त मीटरवर ठरतो का? मॉनिटरिंग उत्पादन विभागाखाली असेल तर ते वेगळं करून घेण्याची अट नियुक्तीपत्रातच लिहून घ्या. रुजू झाल्यावर ते करून घेणं फार अवघड जातं. आणि काम कधी थांबवलं गेलं हे कोणालाच आठवत नसेल, तर होकार देण्याआधी एक रात्रपाळी आत जाऊन पाहायची परवानगी मागा.